पानाला पेलवेल इतकाच प्रकाश

प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या पानाला प्रकाश कमी पडतो तसा तो जास्तही होतो, आणि उघड्यावर वाढणाऱ्या वनस्पतीला दिवसातले बरेच तास ही दुसरीच अडचण सोसावी लागते. निरभ्र दिवशी भर दुपारी दर चौरस मीटरवर दर सेकंदाला सुमारे २००० मायक्रोमोल फोटॉन पडतात. हिरवे पान त्यांपैकी ऐंशी-पंच्याऐंशी टक्के शोषून घेते. गहू, भात, सोयाबीन अशा पिकांच्या पानातली कर्ब धरून ठेवणारी यंत्रणा मात्र साधारण निम्म्या उन्हातच, पुष्कळदा त्याच्याही आधी, पूर्ण क्षमतेला पोचते. ऊस, मका, ज्वारी यांची मर्यादा बरीच वर असते. दाट जंगलाच्या तळाशी वाढणाऱ्या झाडोऱ्याची फारच खाली. मर्यादा गाठली म्हणून शोषण थांबत नाही. हरितद्रव्य समोर आलेला फोटॉन घेतच राहते आणि त्या ऊर्जेचे काय करायचे हा प्रश्न क्षणोक्षणी उभा राहतो.

‘जास्त प्रकाश’ ही काही ठरावीक मोजमापाची गोष्ट नाही. पावसाने ओढ दिली की पान पाणी राखण्यासाठी पर्णरंध्रे मिटते, आत येणारा कार्बन डायऑक्साइड घटतो आणि एरवी सहज खपणारा प्रकाश डोईजड होतो. थंडीत कर्बग्रहणाची विकरे मंदावतात; हरितद्रव्याचे शोषण मात्र तापमानाला जुमानत नाही. त्यामुळे कडाक्याच्या थंडीतले कोवळे ऊनही पानाला जड जाऊ शकते. आवक आणि खप यांतली तफावत हा खरा मुद्दा आहे. वनस्पतींची संरक्षणयंत्रणा ही तफावतच ओळखते, निव्वळ उजेड नव्हे, हे पुढे दिसेल.

धोका नेमका कुठून येतो? फोटॉन शोषलेला हरितद्रव्याचा रेणू उत्तेजित अवस्थेत जातो. ही अवस्था फार तर काही नॅनोसेकंद टिकते आणि तेवढ्या वेळात ऊर्जेला वाट मिळावी लागते. तिचा हातोहात अभिक्रिया केंद्रापर्यंत प्रवास झाला आणि तिथे इलेक्ट्रॉन हलला तर उत्तम. एक-दोन टक्के ऊर्जा गडद लाल प्रकाश म्हणून परत बाहेर पडते. हा हरितद्रव्याचा फ्लुओरेसन्स. काही ऊर्जेची उष्णता होते. या वाटा तुंबल्या की उत्तेजित रेणू ‘ट्रिप्लेट’ नावाच्या जास्त काळ टिकणाऱ्या अवस्थेत घसरतो आणि जवळच्या ऑक्सिजनला ऊर्जा देऊन टाकतो. त्यातून निघणारा सिंग्लेट ऑक्सिजन मेद, प्रथिने, रंगद्रव्ये, जे सापडेल ते जाळत सुटतो. यातली विचित्र गोष्ट अशी की पाण्याचे विघटन करून ऑक्सिजन बाहेर टाकणारी प्रकाशप्रणाली २ हीच सिंग्लेट ऑक्सिजनची मुख्य जन्मभूमी आहे. प्रकाशप्रणाली १ वर दुसराच धोका असतो. तिथे साचलेले इलेक्ट्रॉन थेट ऑक्सिजनवर जातात आणि सुपरऑक्साइड तयार होते. ऑक्सिजनवर इलेक्ट्रॉन जाण्याची ही अभिक्रिया ॲलन मेलर यांनी १९५१ मध्ये दाखवून दिली.

संरक्षण कोसळले तर काय होते हे पाहायला प्रयोगशाळेत जायची गरज नाही, तणनाशकाची फवारणी पुरे. पॅराक्वाट हे प्रकाशप्रणाली १ कडचे इलेक्ट्रॉन उचलून ऑक्सिजनला देते. सुपरऑक्साइडचा लोंढा सुटतो आणि चांगल्या उन्हात काही तासांतच तणाची पाने करपू लागतात. तीच फवारणी संध्याकाळी केली तर खरी करपण दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर दिसते. मक्यात आणि उसात वापरले जाणारे ॲट्राझिन प्रकाशप्रणाली २ मधल्या डी-१ प्रथिनावर बसून इलेक्ट्रॉनांची पुढची वाट अडवते. अशा तणाचे अन्न तयार होणे थांबते आणि ते उपासमारीने मरते असा समज आहे. प्रत्यक्षात उपासमारीची वेळ येण्याआधीच अडून राहिलेल्या ऊर्जेने ते भाजून निघते. नॉरफ्लुराझोन कॅरोटिनॉइड तयारच होऊ देत नाही. मग नवी पालवी पांढरी फटक येते, कारण कॅरोटिनॉइडांची सोबत नसलेले हरितद्रव्य उजेडात टिकत नाही. पिवळी-नारिंगी कॅरोटिनॉइडे ट्रिप्लेट हरितद्रव्याची ऊर्जा काढून घेतात आणि सिंग्लेट ऑक्सिजनही शमवतात. हिरव्या पानातले त्यांचे पहिले काम हेच आहे. प्रकाश गोळा करायला मदत करणे हे दुय्यम म्हणावे लागेल.

संरक्षणाची पहिली फळी पानाच्या बाहेरच असते. सोयाबीन, घेवडा यांसारख्या द्विदल पिकांत पानाच्या बुडाशी एक फुगीर सांधा असतो. त्यातल्या पेशींत पाणी कमी-जास्त झाले की पान वळते. पावसाळ्यात मोठी उघडीप पडली की लातूरकडच्या किंवा विदर्भातल्या सोयाबीनच्या शेतात दुपारी पर्णिका उभ्या राहिलेल्या किंवा पालथ्या झालेल्या दिसतात आणि अख्खे रान त्यांच्या फिकट पाठींमुळे पांढुरके भासते. हे कोमेजणे नव्हे. पर्णिका सूर्यकिरणांना समांतर होतात आणि अंगावर पडणारा प्रकाश कमी करतात. कॅलिफोर्नियातल्या रेडवूडच्या जंगलातली ऑक्झॅलिस ओरेगाना ही आंबुशीच्या कुळातली वनस्पती सावलीत पाने आडवी पसरून असते. पानावर उन्हाचा कवडसा पडला की काही मिनिटांत पर्णिका खाली मिटतात. ओले ब्यॉर्कमन आणि स्टीफन पाउल्स यांनी १९८१ मध्ये या हालचालीचे मोजमाप प्रसिद्ध केले. कवडसा सरकल्यावर पाने परत उघडायला मात्र मिटण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. आवरायला चपळ आणि सैलावायला सुस्त, हा स्वभाव पुढच्या जवळजवळ प्रत्येक यंत्रणेत भेटतो.

वाळवंटी वनस्पती लव आणि मेण यांवर भिस्त ठेवतात. अमेरिकेच्या नैर्ऋत्य वाळवंटातल्या एन्सेलिया फॅरिनोसाची कोरड्या हंगामातली पाने इतकी पांढरी केसाळ असतात की निम्म्याहून अधिक प्रकाश ती शोषतच नाहीत. कोवळ्या पानांची तऱ्हा वेगळी. आंबा, जांभूळ, पिंपळ यांची चैत्रपालवी तांबूस असते आणि सह्याद्रीतला कुसुम तर त्या दिवसांत पेटल्यासारखा लाल होतो. या पानांत प्रकाश शोषणारी यंत्रणा उभी राहत असते, पण कर्बग्रहण अजून रुळलेले नसते, म्हणजे तफावत सर्वांत मोठी असते. लाल अँथोसायनिन तेवढ्यापुरता पडदा धरते असे एक मत. कोवळे पान किडींना नकोसे वाटावे यासाठी हा रंग असतो असे दुसरे. अँथोसायनिन मुख्यतः हिरवा प्रकाश शोषते आणि हरितद्रव्याचा भर निळ्या व तांबड्यावर असतो, त्यामुळे हा पडदा अर्धामुर्धाच ठरतो. एकाच कारणाचा हट्ट धरण्यासारखा पुरावा दोन्ही बाजूंना नाही.

पानाच्या आत पेशींमधली हरितलवकेही जागा बदलतात. मंद उजेडात ती पेशीच्या वरच्या-खालच्या भिंतींशी पसरतात. प्रखर निळ्या प्रकाशात बाजूच्या उभ्या भिंतींना चिकटून एकमेकांच्या सावलीत उभी राहतात. पानावर काळ्या कागदाची पट्टी लावून तासभर प्रखर प्रकाश दिला आणि मग पट्टी काढली, तर झाकलेला भाग गडद आणि बाकीचे पान फिकट दिसते. ही हालचाल एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहे, पण ती खरोखर उपयोगाची आहे हे २००२ मध्ये जपानी संशोधकांनी सिद्ध केले. हरितलवकांना बाजूला सरता येत नाही असे, अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत नेहमी वापरल्या जाणाऱ्या रोपाचे उत्परिवर्ती वाण त्यांनी प्रखर प्रकाशात ठेवले, तेव्हा त्यांची पाने मूळ वाणापेक्षा जास्त भाजली. प्रकाश ओळखणारे प्रथिन इथे फोटोट्रॉपिन २ हे आहे.

एवढे करूनही आत येतो तो प्रकाश पुष्कळच असतो आणि खरी कसोटी हरितलवकातल्या थायलॅकॉइड पटलात लागते. पाण्याचे विघटन होताना आणि इलेक्ट्रॉन पुढे सरकताना प्रोटॉन या पटलाच्या आतल्या पोकळीत जमतात. ते बाहेर पडताना एटीपी तयार होते. कर्बग्रहण मागे पडले की एटीपीचा खप घटतो, प्रोटॉनांना बाहेर पडायला वाव राहत नाही आणि पोकळीचा सामू ६ च्या आसपास किंवा त्याखाली घसरतो. हा घसरलेला सामू हीच धोक्याची घंटा. सोय अशी की तो उजेड मोजत नाही, आवक आणि खप यांतला फरक मोजतो; दुष्काळ असो, थंडी असो की नुसते कडक ऊन, एकच सूचक सगळीकडे चालतो.

घंटा वाजली की दोन गोष्टी होतात. पीएसबीएस नावाचे प्रथिन आम्लता ओळखून काही सेकंदांत जागे होते आणि प्रकाश गोळा करणाऱ्या संकुलांची मांडणी बदलते. त्याच वेळी व्हायोलाझँथिनचे रूपांतर करणारे विकर क्रियाशील होऊन पटलाला चिकटते आणि क जीवनसत्त्वाच्या मदतीने व्हायोलाझँथिनपासून आधी अँथेराझँथिन व मग झियाझँथिन बनवते. मक्याच्या दाण्याला पिवळा रंग देणारे आणि माणसाच्या दृष्टिपटलातही साठणारे ते हेच झियाझँथिन. ते जमले की शोषलेली ऊर्जा अभिक्रिया केंद्रापर्यंत पोचण्याआधीच उष्णता होऊन निघून जाते. भर उन्हातल्या पानात शोषलेल्या ऊर्जेपैकी निम्म्याहून अधिक भाग अनेकदा या वाटेने जातो. प्रेशर कुकरची शिट्टी जसे काम करते तसेच हे, फक्त इथे शिट्टी वाजते ती वाफ किती झाली यावर नव्हे, ती खपत नाही यावर.

हे चित्र जुळायला चार दशके लागली. उजेडात व्हायोलाझँथिन, झियाझँथिन अशा झँथोफिलांचे प्रमाण बदलते हे सोव्हिएत संघातल्या सापोझ्निकोव यांनी १९५७ मध्ये नोंदवले आणि हॅरी यामामोटो यांनी १९६२ च्या सुमारास त्याचे चक्र मांडले; पण हे चक्र कशासाठी हे बरीच वर्षे कोणाला सांगता येईना. फ्लुओरेसन्सच्या बाजूने तपास वेगळाच चालला होता. अलाहाबादेत जन्मलेले आणि इलिनॉय विद्यापीठात काम केलेले गोविंदजी यांनी पापाजॉर्जिऊ यांच्यासह १९६८ मध्ये इलेक्ट्रॉन-वहनाशी थेट संबंध नसलेले फ्लुओरेसन्समधले बदल दाखवले. राइट आणि क्रॉफ्ट्स यांनी १९७० मध्ये फ्लुओरेसन्सचे असे शमन पटलाच्या आत-बाहेरच्या प्रोटॉनांच्या फरकाशी जोडले. हे दोन धागे एकत्र आणले ते बार्बरा डेमिग यांनी १९८७ मध्ये, झियाझँथिन आणि उष्णतेचा निचरा यांचा संबंध दाखवून. पीएसबीएसच्या या कामाची ओळख तर २००० सालची, क्रिश नियोगी यांच्या गटाने अरॅबिडॉप्सिसच्या एका उत्परिवर्ती वाणातून पटवलेली. ऊर्जा शेवटी नेमकी कोणत्या रेणूतून उष्णता होऊन जाते यावर मात्र अजून एकमत नाही. ल्युटिन हे दुसरे कॅरोटिनॉइड, झियाझँथिन आणि हरितद्रव्याच्याच रेणूंची जोडी, असे तीन दावेदार आहेत आणि प्रत्येकाच्या बाजूने चांगले प्रयोग आहेत.

हा निचरा मोजायचे साधन फ्लुओरेसन्स हेच आहे. अंधारातले पान उजेडात आणले की त्याचा लालसर प्रकाश झटकन वाढतो आणि मग हळूहळू उतरतो, हे हान्स काउट्स्की यांनी १९३१ मध्ये पाहिले होते. उलरिश श्रायबर यांनी १९८० च्या दशकात स्पंदनांनी मोजणारे उपकरण तयार केले, तेव्हा हे मोजमाप उघड्या रानात भर उन्हातही करता येऊ लागले. निरोगी, अंधारात विसावलेल्या पानात प्रकाशप्रणाली २ ची कमाल कार्यक्षमता ०.८३ च्या आसपास येते. वनस्पतींच्या असंख्य जातींत हा आकडा आश्चर्य वाटावे इतका सारखा आहे. तो ०.६ किंवा त्याखाली उतरला की पानाने मार खाल्ला आहे, किंवा दीर्घकाळाचा निचरा चालू ठेवला आहे, असे समजायचे. या दोहोंतला फरक एका आकड्यावरून कळत नाही, आणि शेतीविषयक निबंधांत हा गोंधळ नेहमी होतो. झँथोफिलांच्या बदलामुळे पानाचे ५३१ नॅनोमीटरजवळचे परावर्तनही बदलते, म्हणून दुरून, विमानातूनसुद्धा, या यंत्रणेचा माग काढता येतो.

ही युक्ती सर्व सजीवांत एकसारखी नाही. नीलहरित जीवाणूंत पीएसबीएस नाही. तिथे कॅरोटिनॉइड धरलेले एक नारिंगी प्रथिन निळसर प्रकाश पडताच लाल होते आणि ऊर्जा शमवते. क्लॅमिडोमोनास या हिरव्या शैवालात हे काम दुसऱ्याच प्रथिनाकडे आहे. मॉसवर्गीय शेवाळांत त्या शैवालाचे आणि उच्च वनस्पतींचे, दोन्ही मार्ग सापडतात.

ऊर्जा इलेक्ट्रॉनांच्या रूपात पुढे सरकल्यावरही काही पळवाटा उरतात. प्रकाशश्वसन ही त्यांतली मोठी. रुबिस्को विकर कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजन पकडते, तेव्हा आधी धरलेला काही कर्ब वाया जातो आणि पीकशास्त्रात या प्रक्रियेची कायम उधळपट्टी म्हणून संभावना होते. कोझाकी आणि ताकेबा यांनी १९९६ मध्ये तंबाखूवर केलेल्या प्रयोगांत मात्र प्रकाशश्वसनाची क्षमता घटलेली झाडे प्रखर प्रकाशात जास्त होरपळली. पर्णरंध्रे बंद असताना इलेक्ट्रॉनांना कुठेतरी वापर हवा असतो आणि तो इथे मिळतो. प्रकाशप्रणाली १ भोवती इलेक्ट्रॉनांना गोल फिरवत ठेवण्याचा मार्गही आहे. त्याने प्रोटॉन साचतात आणि वर सांगितलेला निचरा चालू राहतो. तरीही निसटलेले सुपरऑक्साइड विकरांच्या साखळीने पुन्हा पाण्यात बदलले जाते. या साखळीचा सखोल अभ्यास करणारे कोझी आसादा यांनी तिला ‘पाण्यापासून पाण्यापर्यंतचे चक्र’ म्हटले.

इतके थर ओलांडूनही नुकसान होतेच, आणि ते केवळ कडक उन्हात होते असे नाही. प्रकाशप्रणाली २ च्या मोडतोडीचा वेग प्रकाशाच्या प्रमाणात असतो. मंद उजेडातही ती चालू असते, फक्त दुरुस्ती तिला सहज गाठते. लिंकोमायसिन हे प्रतिजैविक देऊन हरितलवकातली प्रथिननिर्मिती थांबवली की हे लपलेले नुकसान उघडे पडते. मोडते ते मुख्यतः डी-१ प्रथिन. मग अख्खे संकुल थायलॅकॉइडच्या दाट थप्प्यांतून बाहेरच्या मोकळ्या पटलाकडे सरकते, एफटीएसएच नावाचे विकर निकामी डी-१ कापून काढते, हरितलवकाच्याच जनुकावरून नवे डी-१ बनत बनत जागेवर बसते आणि संकुल परत कामाला लागते. प्रखर उन्हात डी-१ चे अर्धायुष्य तासाभराच्या आत येऊ शकते. थायलॅकॉइडमधले दुसरे कोणतेही प्रथिन इतक्या वेगाने बदलले जात नाही. मोडतोड कशी सुरू होते यावर जुना वाद आहे. पुढे न सरकलेल्या इलेक्ट्रॉनांमुळे, असे एक मत. अतिनील आणि निळ्या प्रकाशाने पाणी फोडणारा मँगनीजचा गुच्छच आधी विस्कळीत होतो, असे दुसरे. नोरियो मुराता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक बाजू पुढे आणली. ऑक्सिजनची घातक रूपे मोडतोड वाढवत नाहीत, ती दुरुस्तीला लागणारी प्रथिननिर्मिती रोखतात, असे त्यांचे म्हणणे आहे. थंडीत पाने पिवळी का पडतात याचा एक भाग यातून उलगडतो, कारण थंडीत दुरुस्तीच मंदावते.

प्रकाशप्रणाली १ क्वचितच मोडते. पण मोडली तर भरून यायला दिवस लागतात. उजेडाची वेगाने उघडझाप हा तिचा खरा शत्रू आहे. इलेक्ट्रॉन गोल फिरवण्याच्या मार्गात दोष असलेले अरॅबिडॉप्सिसचे वाण स्थिर उजेडात ठीक वाढते, पण मंद-प्रखर अशा सतत बदलत्या उजेडात रोपावस्थेतच मरते.

दिवस, आठवडे, ऋतू या मापाने पाहिले तर पान स्वतःची घडणच बदलते. उन्हात वाढलेले पान जाड असते, त्यात प्रकाश गोळा करणारे हरितद्रव्य तुलनेने कमी आणि झँथोफिलांचा साठा मोठा असतो. शेडनेटमधले रोप एकदम उघड्यावर लावले की त्याची पाने भाजल्यासारखी पांढरी पडतात. म्हणून रोपवाटिकांत ते टप्प्याटप्प्याने उन्हाला सरावू देतात. आधीची पाने पुरती बदलत नाहीत, नवी येतात ती उन्हाची तयारी करूनच. उत्तरेकडचे सूचिपर्णी वृक्ष हिवाळाभर झियाझँथिन धरून ठेवतात आणि सुया हिरव्या असूनही शोषलेली जवळपास सगळी ऊर्जा उष्णतेत घालवतात. सह्याद्रीतल्या कातळसड्यांवर याहून टोकाची उदाहरणे आहेत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी २०२२ मध्ये पश्चिम घाटातल्या ६२ शुष्कतासहिष्णू वनस्पतींची नोंद प्रसिद्ध केली. अशा वनस्पती पूर्ण सुकतात आणि पावसाबरोबर पुन्हा हिरव्या होतात. सुकलेल्या पानात ऊर्जेला कामच नसते, म्हणून जगभरच्या अशा वनस्पतींत दोन डावपेच दिसतात: काही हरितद्रव्यच मोडून टाकतात आणि पावसानंतर ते नव्याने बनवतात, काही ते राखतात, पण पाने गुंडाळून आणि अँथोसायनिन भरून त्यावर सावली धरतात. पहिल्या डावपेचात धोका कमी, पण सावरायला वेळ जास्त.

संरक्षणाची किंमत शेतातल्या पिकात नेमकी मोजता येते. वाऱ्याने पाने हलतात, ढग सरकतात, वरच्या पानांची सावली खालच्यांवर येते-जाते. एका पानावरचा उजेड सेकंदासेकंदाला बदलतो. सावली पडल्यावरही झियाझँथिन मागे फिरायला दहा-वीस मिनिटे, कधी त्याहून जास्त घेते. तोवर उपयोगी पडू शकणारी ऊर्जाही उष्णतेतच जाते. संगणकीय प्रतिमानांवरून या सुस्तीपायी पिकाच्या संभाव्य कर्बग्रहणाचा १३ ते ३२ टक्के भाग जात असावा असा अंदाज २००४ मध्ये मांडला गेला. निसर्गात ही सावधगिरी मूर्खपणाची नव्हे. पीएसबीएस नसलेले अरॅबिडॉप्सिस उघड्यावर वाढवले तेव्हा त्याला बिया कमी आल्या. पण पाणी आणि खत मिळणाऱ्या पिकाला रानटी रोपाइतकी धास्ती कशाला हवी, हा प्रश्न रास्त आहे. इलिनॉयमधल्या स्टीफन लाँग यांच्या गटाने झँथोफिल चक्राची दोन विकरे आणि पीएसबीएस यांची मात्रा वाढवून तंबाखूत निचरा लवकर थांबवला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शेतातल्या चाचणीत झाडांचे वजन सुमारे १५ टक्क्यांनी वाढले. सोयाबीनच्या २०२२ मधल्या निष्कर्षांत एका हंगामात काही वाणांचे उत्पादन २० टक्क्यांहून अधिक वाढले, पुढच्या हंगामात पीक लोळल्यावर ही वाढ दिसली नाही. अरॅबिडॉप्सिसमध्ये आणि बटाट्यात हाच बदल वाढीला उपयोगी ठरला नाही. तंबाखूचा आकडा फार गाजला. तेवढ्यावरून सर्व पिकांची गणिते मांडणे घाईचे होते.

भारतात जनुकबदल पिकांपैकी व्यावसायिक लागवडीत फक्त बीटी कापूस आहे, त्यामुळे असे सोयाबीन इथे लगेच येण्याचा प्रश्न नाही. नैसर्गिक विविधतेचा रस्ता मात्र मोकळा आहे. जॅपोनिका भातात इंडिका भातापेक्षा निचऱ्याची क्षमता जास्त असते आणि या फरकाचे मूळ पीएसबीएसच्या एका जनुकाजवळ आहे, असे जपानी संशोधकांनी २०११ मध्ये दाखवले. पुढे जॅपोनिकात त्या जनुकाच्या आधी डीएनएचा एक जादा तुकडा असल्याचे आढळले. म्हणजे निचरा किती आणि किती वेगाने व्हावा हा गुण साध्या संकरातून पुढच्या वाणात आणता येण्याजोगा आहे, आणि वाणांची निवड करताना पानाचा फ्लुओरेसन्स मोजून तो रोपावस्थेतच ओळखताही येतो.